सोसायटीच्या बिलाचे सॉफ्टवेअर कसे तपासावे

गृहनिर्माण सोसायटीचे मेंटेनन्स बिल वरवर साधे दिसते, परंतु त्यात व्याज, थकबाकी, पार्किंग, भाडेकरूंसंबंधीचे शुल्क आणि कर असे अनेक हिशेब एकत्र आलेले असतात. दहा रुपयांचा फरक पडला तरी सभासद खजिनदाराला जाब विचारतो, आणि ते रास्तच आहे. म्हणून सॉफ्टवेअरची चाचणी नीट कशी करावी हे सांगण्यासाठी मी अशाच बिलाचे उदाहरण घेतो. पडद्यावरची बटणे दाबून सर्व काही चालते आहे असे पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. प्रोग्राम चालवण्यापूर्वीच अचूक उत्तर काय यायला हवे हे ठरवणे आणि मग प्रोग्रामचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहणे, हा तिचा गाभा आहे.

आधी कागदावर उत्तर काढावे

समजा, एका सभासदाची २,५०० रुपयांची थकबाकी ४५ दिवस राहिली आणि व्याजाचा दर वार्षिक २१ टक्के, सरळव्याजाने, आहे. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर व्याज ६४.७३ रुपये होते. ४५ दिवस म्हणजे दीड महिना असे धरले तर ते ६५.६३ होते. लीप वर्ष म्हणून ३६६ दिवस धरले तर ६४.५५ होते. तिन्ही आकडे कोणत्या ना कोणत्या रीतीने बरोबर आहेत, आणि धोका नेमका येथेच आहे. टेस्टरने आधी पडद्यावरचा ६४.७३ हा आकडा पाहिला, तर तो पटण्याजोगा वाटतो आणि तपासणी तेथेच थांबते. त्याने आधी कागदावर ६५.६३ काढले असेल, तर तो थांबून विचारेल की व्याज दिवसांवर आकारायचे की महिन्यांवर, आणि पैसे पूर्णांकात आणायचे असतील तर प्रत्येक ओळीवर आणायचे की शेवटच्या बेरजेवर.

हा प्रश्न डेव्हलपरला, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला, विचारून उपयोग नाही. नियम सोसायटीच्या उपविधींतून (सोसायटीच्या स्वतःच्या नियमावलीतून) आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावातून येतो. नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींत थकबाकीवरील व्याजाला २१ टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे; प्रत्यक्षात किती दर लावायचा हे सभा ठरवते, आणि सभा तो बदलूही शकते. त्यामुळे दर मध्येच बदलण्याची चाचणी अवश्य करावी. समजा, १ ऑक्टोबरपासून दर २१ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तीच २,५०० रुपयांची थकबाकी १ सप्टेंबरपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत राहिली. दिवसांच्या हिशेबाने सप्टेंबरच्या ३० दिवसांचे ४३.१५ आणि ऑक्टोबरच्या ३१ दिवसांचे ३८.२२, असे एकूण ८१.३७ रुपये व्हायला हवेत. प्रोग्रामने नवा दर मागच्या दिवसांनाही लावला, तर उत्तर ७५.२१ येते. सहा रुपयांची ही चूक एका बिलात डोळ्यांत भरत नाही. वर्षअखेरीस लेखापरीक्षक मात्र ती काढतोच.

काही नियमांचा अर्थच वादाचा असतो. सभासदाचे मासिक योगदान ७,५०० रुपयांच्या वर गेले, तर जीएसटी संपूर्ण रकमेवर लावायचा की फक्त वरच्या रकमेवर, यावर २०१९ च्या सरकारी परिपत्रकाने एक अर्थ लावला आणि २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दुसरा. अशा ठिकाणी टेस्टरने स्वतःच्या मनाने उत्तर ठरवू नये. सोसायटीच्या सीएकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते टेस्ट केसला (दिलेली माहिती आणि अपेक्षित उत्तर लिहून ठरवलेल्या एका चाचणीला) जोडून ठेवावे.

काठावरची मूल्ये

प्रोग्रामच्या चुका बहुधा मर्यादेच्या काठावर सापडतात, कारण 'पेक्षा जास्त' आणि 'इतके किंवा जास्त' यांतला फरक लिहिताना हमखास निसटतो. बिल भरण्याची मुदत १५ तारखेपर्यंत असेल, तर १४, १५ आणि १६ या तीन तारखा तपासाव्यात. ५, ७ आणि १० तारखांना भरलेली बिले वेगवेगळी तपासण्यात वेळ घालवू नये, कारण प्रोग्रामच्या दृष्टीने ती एकाच गटातली आहेत. रकमांच्या बाबतीत शून्य थकबाकी, आगाऊ भरल्यामुळे उणे झालेली बाकी, एक पैसा, आणि ९९,९९९ वरून १,००,००० होणारी रक्कम तपासावी. शेवटच्या रकमेत स्वल्पविराम आपल्या पद्धतीने लाखानंतर पडतो का आणि छापील बिलाच्या रकान्यात आकडा पूर्ण मावतो का, हे प्रत्यक्ष कागदावर छापूनच पाहावे.

तारखेच्या काठाला घड्याळाचाही काठ असतो. मी काम केलेल्या एका प्रकल्पात १ एप्रिलच्या पहाटे एका सभासदाने यूपीआयने पैसे भरले आणि त्याला पावती मिळाली ती ३१ मार्चची, त्यामुळे रक्कम मागच्या आर्थिक वर्षात जमा झाली. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवत होता आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक भरणा आदल्या दिवसाच्या नावावर जात होता. आम्ही त्या भागाच्या कितीतरी चाचण्या केल्या होत्या, परंतु सगळ्या सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत, म्हणजे दोन्ही घड्याळांत तारीख एकच असताना. तेव्हापासून तारीख असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची मी रात्री १२.०५ आणि पहाटे ५.२९ व ५.३१ ही वेळ लावून चाचणी करतो, आणि महिनाअखेर, ३१ मार्च व २९ फेब्रुवारी हे दिवस त्यात धरतोच.

जुना, सिद्ध झालेला कोड नव्या ठिकाणी वापरला की काठ स्वतःच सरकतात. ४ जून १९९६ रोजी आरियान ५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाला. आधीच्या आरियान ४ साठी लिहिलेल्या आणि त्यावर व्यवस्थित चाललेल्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवली जात होती, आणि नव्या, अधिक वेगवान अग्निबाणाचा आकडा ३२,७६७ च्या पलीकडे गेला. चाळीस सदनिकांच्या सोसायटीसाठी केलेले सॉफ्टवेअर चारशे सदनिकांच्या संकुलाला देताना तपासणी पुन्हा पहिल्यापासून का करावी, याचे याहून स्पष्ट कारण मला माहीत नाही.

सर्व जोड्या, सर्व मिश्रणे नव्हेत

सदनिका स्वतःच्या वापरात की भाड्याने, थकबाकी आहे की नाही, पार्किंगच्या जागा शून्य, एक की दोन, आणि भरणा रोख, धनादेश, यूपीआय की एनईएफटी, एवढ्या चारच बाबींची ४८ मिश्रणे होतात. ती सगळी हाताने तपासणे जिवावर येते आणि मग टेस्टर मनाला येतील ती पाच-सहा उचलतो. त्याऐवजी कोणत्याही दोन बाबींची प्रत्येक जोडी निदान एकदा तपासली जाईल अशी निवड करावी. या उदाहरणात ती १२ टेस्ट केसमध्ये बसते. मात्र या पद्धतीवर डोळे झाकून विसंबू नये. जेथे तीन बाबींचा एकमेकींशी थेट संबंध आहे, ती मिश्रणे विचार करून वेगळी जोडावीत. भाड्याने दिलेल्या सदनिकेच्या मालकाकडून घेतले जाणारे बिनभोगवटा शुल्क हे असेच ठिकाण आहे: ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, महापालिकेचे कर वगळून, आकारता येते, आणि प्रोग्राम ते चुकून संपूर्ण बिलावर आकारत नाही ना, हे करांची ओळ असलेल्या भाड्याच्या सदनिकेवरच कळते.

मराठी नावे

मराठीत बिल देणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी इंग्रजी नावांवर उरकणे ही फार मोठी चूक आहे. 'लक्ष्मी' हे नाव वाचणाऱ्याला लहान वाटते, परंतु संगणक त्यात सात चिन्हे मोजतो आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ते २१ बाइट घेते. रकाना २० बाइटांचा असेल तर शेवटची वेलांटी तुटते. 'कुऱ्हाडे' किंवा 'चऱ्होली' यांतला ऱ्ह वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी लिहितात. दिसायला दोन्ही नावे सारखीच असतात, तरी एका पद्धतीने नोंदवलेला सभासद दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. म्हणून नाव मोबाइलवर नोंदवून संगणकावर शोधावे. पीडीएफमध्ये जोडाक्षरे फुटतात का हे पाहावे, आणि पीडीएफमधून नाव कॉपी करून पुन्हा चिकटवून पाहावे. एसएमएस पाठवत असाल तर लक्षात ठेवावे की इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, परंतु देवनागरीचे एकही चिन्ह आले की ही मर्यादा ७० वर येते आणि एका संदेशाचे पैसे दोन-तीन संदेशांचे होतात.

लिहून ठेवलेल्या चाचण्यांच्या पलीकडे

ठरवलेल्या टेस्ट केस झाल्या की तासभर एखादाच विषय घेऊन मोकळेपणाने शोध घ्यावा आणि केलेली प्रत्येक कृती लिहीत जावी. भरणा हा विषय घेतला तर 'पैसे भरा' हे बटण भराभर दोनदा दाबावे, पैसे गेल्यावर पण पावती येण्याआधी इंटरनेट बंद करावे, ब्राउझरमध्ये मागे जाऊन पुन्हा भरावे, नवरा-बायकोने आपापल्या फोनवरून एकाच सदनिकेचे बिल एकाच वेळी भरून पाहावे. पैसे एकदाच जमा झाले का आणि पावती एकच निघाली का, हे बँकेच्या उताऱ्यावरून पडताळावे. पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवू नये.

सापडलेला बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, असा लिहावा की तो दुसऱ्याला त्याच दिवशी पुन्हा घडवून आणता येईल. 'व्याज चुकते आहे' या नोंदीचा कोणालाच उपयोग होत नाही. 'थकबाकी २,५०० रुपये, १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, दर १ ऑक्टोबरपासून १८ टक्के, अपेक्षित ८१.३७, प्रत्यक्षात ७५.२१' एवढे लिहिले की डेव्हलपरला कारणाचा अंदाज वाचतावाचताच येतो. बग दुरुस्त करण्यापूर्वी याच आकड्यांची ऑटोमेटेड टेस्ट (संगणक आपोआप चालवतो ती चाचणी) लिहून ती अपयशी ठरते हे पाहून घ्यावे, कारण कधीच अपयशी न झालेली टेस्ट खरोखर काही तपासते की नाही, हे सांगता येत नाही. ऑटोमेशनचा मोठा वाटा हिशेबाच्या कोडवर खर्च करावा. पडद्यांच्या ऑटोमेटेड टेस्ट थोड्याच ठेवाव्यात. त्या बटणाची जागा बदलली तरी मोडतात. कधी पास, कधी नापास होणारी टेस्ट तर ताबडतोब दुरुस्त करावी किंवा बाजूला काढावी, नाहीतर संघाला नापास टेस्टच्या लाल खुणेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते.

सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी तीन महिने जुनी वही आणि नवा प्रोग्राम सोबत चालवावेत आणि प्रत्येक सदनिकेचा फरक पैशापर्यंत काढावा. फरकाचे कारण सापडेपर्यंत तो किरकोळ म्हणून सोडू नये. चूक वहीतही निघू शकते. खऱ्या सभासदांची माहिती चाचणीच्या सर्व्हरवर नेताना नावे आणि फोन नंबर आधी बदलावेत, अन्यथा चाचणीचा एसएमएस खऱ्या माणसाला जातो. आणि हे तीन महिने निवडताना मार्च आणि एप्रिल त्यात येतील असे पाहावे.