हिवाळ्यातले शिकागो पायी पाहताना

अमेरिकेतली शहरे डिसेंबर-जानेवारीत पाहण्याची वेळ आपल्याकडच्या पर्यटकांवर बहुधा मुलांच्या सुट्ट्यांमुळे किंवा तिकडच्या नातेवाइकांच्या सोयीमुळे येते, आणि मग थंडीच्या धास्तीने दिवसच्या दिवस घरात किंवा मॉलमध्ये काढले जातात. माझ्या मते हे मोठे नुकसान आहे. शिकागोसारखे शहर भर हिवाळ्यातही पायी पाहता येते. मात्र दिवसाची आखणी करताना किती चालायचे याआधी ऊब कुठे मिळेल याचा विचार करावा लागतो.

सकाळी बाहेर पडण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा. तिथे तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. 32 म्हणजे गोठणबिंदू आणि 20 म्हणजे साधारण उणे 7 अंश सेल्सिअस, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते. त्याशेजारी ‘फील्स लाइक’ म्हणून जो आकडा असतो, तोच महत्त्वाचा, कारण मिशिगन सरोवराच्या काठावर आणि उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यांवर वारा अंगातली ऊब क्षणात काढून नेतो. तो आकडा उणे 28 सेल्सिअसच्या खाली गेला, तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो. अशा दिवशी पायी फिरणे सरळ रद्द करावे.

कपड्यांच्या बाबतीत एकच जाड स्वेटर उपयोगाचा नाही. आत अंगाला चिकटून बसणारे थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारा लांब कोट असे थर हवेत, कारण प्रत्येक इमारतीच्या आत भरपूर उष्णता असते आणि तिथे वरचे थर उतरवावेच लागतात. आतला थर सुती नसावा. घामाने ओला झालेला सुती कपडा बाहेर पडताच गार पडतो. खर्च करायचाच असेल तर बुटांवर करावा आणि ते तिथेच घ्यावेत. चौकात पदपथाच्या कडेला मीठ आणि धूळ मिसळलेला, अर्धवट वितळलेला राखाडी बर्फ साचतो. वरून तो घट्ट दिसतो, पण पाय ठेवताच घोट्यापर्यंत आत जातो, आणि पायमोजे भिजले की उरलेला दिवस वाया जातो. सावलीतल्या पदपथावर बर्फाचा पारदर्शक थर असू शकतो. तिथे लहान पावले टाकावीत आणि हात खिशाबाहेर ठेवावेत. उंच इमारतींखाली ‘फॉलिंग आइस’ असा इशारा देणारे फलक दिसले, तर भिंतीलगत चालू नये.

डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो, म्हणून उघड्यावरची ठिकाणे सकाळी उरकावीत. सुरुवात मिलेनियम पार्कमध्ये करावी. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ तिथे आहे, आणि त्याच्या आरशासारख्या पाठीवर हिमाचा थर बसलेला असताना खालच्या भागात मात्र शहराचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते, हे दृश्य उन्हाळ्यात येणाऱ्यांना मिळत नाही. बोटे बधिर होऊ लागली की रस्ता ओलांडून कल्चरल सेंटरमध्ये शिरावे. 1897 साली सार्वजनिक ग्रंथालय म्हणून उघडलेल्या या इमारतीत प्रवेश विनामूल्य आहे आणि तिथला रंगीत काचांचा टिफनी घुमट निवांत बसून पाहावा असा आहे. तिथूनच पेडवे या भुयारी पादचारी मार्गात उतरता येते. तो सलग नाही, दिशादर्शक पाट्याही अपुऱ्या आहेत आणि संध्याकाळी व सुटीच्या दिवशी त्याचे काही भाग बंद असतात, म्हणून त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. मिनियापोलिसमध्ये इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे काचबंद पूल आहेत. पायी फिरण्यासाठी ती व्यवस्था याहून सरस वाटते.

दुपारी ‘एल’ या उन्नत रेल्वेच्या ब्राउन लाइनने शहराच्या मध्यभागाला वळसा घालावा, म्हणजे उबदार डब्यातून जुन्या इमारती अगदी जवळून दिसतात. बऱ्याच फलाटांवर छताला ऊब देणारे दिवे लावलेले असतात. बटण दाबले की ते नारिंगी होतात आणि त्यांखाली अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. तिथे संकोच न करता घोळक्यात सामील व्हावे, लोक आपण होऊन जागा करून देतात.

परतीचे तिकीट काढताना मात्र सावध राहावे. हिमवादळात ओहेअर विमानतळावरची उड्डाणे तासन्‌तास लांबतात, म्हणून अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरातून भारताचे विमान पकडायचे असेल तर आदल्या दिवशीच तिथे पोहोचावे.