नवा अॅम्प्लिफायर घेण्याआधी तारांची टोकं बघा

घरच्या होम थिएटरवर गाणी कानठळ्या बसवतात आणि संवाद मात्र तोंडात पुटपुटल्यासारखे येतात, म्हणून दरवर्षी गणपतीच्या आधी नव्या अॅम्प्लिफायरचा विषय निघतो. जरा थांबा, क्रम असा ठेवा:

१. फुकटचं आधी. अॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा. गुहागरला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दोन वर्षांत तांब्याची टोकं हिरवी-काळी पडली होती. तेवढा भाग कापून टाका, सेंटिमीटरभर नवं तांबं सोला, पीळ देऊन घट्ट बसवा. लाल लालला, काळी काळीला. एकाच स्पीकरची उलटी लागली तर खर्ज हरवतो. सुटा तंतू शेजारच्या टोकाला टेकता कामा नये.

२. मधला स्पीकर टीव्हीखालच्या फळीच्या अगदी कडेला ओढा, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वर करा. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर असलेल्या संचात, संवाद बहुतेक त्यातूनच येतात. सेटिंगमध्ये सेंटर, म्हणजे हाच मधला स्पीकर, २-३ डेसिबल वाढवा.

३. आवाज घुमू नये म्हणून उघड्या फरशीवर जाड सतरंजी. आमच्याकडे मागच्या भिंतीवर आजीची गोधडीही टांगलीय. पाहुणे हसतात, हसू देत.

४. एवढं करून भागलं नाही तरच खिशात हात. आधी चांगला सेंटर, मग सबवूफर, अॅम्प्लिफायर शेवटी. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. महागडी वायरही नको, खोलीपुरती १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते.

आणि पावसात विजांची चिन्हं दिसली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. कडकडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा, डिशची केबलही सोडवा; एकदा सुरू झाला की हात लावू नका.