अंटार्क्टिकाला निघण्यापूर्वी: बूट, वेल्क्रो आणि खिसे

अंटार्क्टिकात मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती फक्त दोन आहेत: हेअरग्रास हे गवत आणि उशीसारखी दाट वाढणारी पर्लवर्ट. १९८५-८६ च्या हंगामात किंग जॉर्ज बेटावरील आर्क्टोव्स्की या पोलिश तळापाशी तिसरी दिसली. ती म्हणजे पोआ अ‍ॅन्युआ, युरोपातल्या कोणत्याही पायवाटेच्या कडेला उगवणारे साधे गवत. त्याचे बी जमिनीत दडून राहत असल्याने नुसती रोपे उपटून ते संपत नाही. या खंडाचा बर्फमुक्त भाग अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, आणि शेवाळ, पेंग्विनच्या वसाहती, संशोधन तळ व पर्यटकांची पावले या सगळ्यांची गर्दी त्याच चिंचोळ्या जागेत होते. असे परके बी आपल्यासोबत जाऊ नये म्हणून बूट, कपडे व सामानाची सफाई तेथे पोहोचल्यावर नव्हे, तर घरी सामान बांधतानाच सुरू करावी.

सह्याद्रीत पावसाळ्यानंतर भटकलेल्या माणसाला कुसळे ठाऊक असतात. ती धुतल्यावरही पायमोज्यांत राहतात. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे व सामान तपासले असता, ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे सरासरी साडेनऊ बिया होत्या, आणि पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडे त्या अधिक होत्या. शक्य असल्यास नवे किंवा केवळ याच प्रवासासाठी ठेवलेले कपडे न्यावेत. जुनेच न्यायचे असतील तर बुटांचे तळ जुन्या टूथब्रशने घासावेत, खाचांतील माती दाभणाने किंवा काडीने काढावी, आणि जीभ व नाड्यांखालचा भागही पाहावा. वेल्क्रोवर विशेष वेळ द्यावा, कारण त्यातील आकडे कुसळासारखेच काम करतात आणि त्यांत अडकलेले बी पाण्याने सुटत नाही. तेथे चिमटाच हवा. खिसे उलटे करून, पाठपिशवीच्या तळाशी आणि शिवणींवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय आणि चालण्याच्या काठीची टोके बहुतेकांच्या लक्षात राहत नाहीत. जेवणानंतरची कच्ची बडीशेपही खिशात राहू देऊ नये.

खरे तर आपल्याकडच्या उष्ण हवेतील बियांपेक्षा थंड प्रदेशातून आलेल्या बिया जास्त धोकादायक असतात, कारण त्या तेथे तग धरू शकतात. म्हणून लडाखला नेलेले बूट अधिक बारकाईने तपासावेत. अर्जेंटिनातील उशुआया या बंदरातून जहाज पकडण्याआधी जवळच्या पॅटागोनिया या प्रदेशात दोन-चार दिवस डोंगर हिंडण्याचा बेत अनेकजण आखतात. माझ्या मते सर्वांत मोठा धोका तोच, कारण घरी केलेली सगळी मेहनत त्यात वाया जाते. जहाजावर चढण्याच्या आदल्या रात्री सारी सफाई पुन्हा करावी. दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरायचे असल्यास तेथील अधिकारी कपडे व बूट तपासतात, आणि सामान अस्वच्छ आढळल्यास उतरण्यास मनाई होऊ शकते. उंदरांचा तेथून नायनाट करण्यासाठी मोठी मोहीम राबवावी लागली आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले, हे ध्यानात घेतले तर हा कडकपणा जाचक वाटत नाही.

दर वेळी जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याआधी व परतल्यावर बूट जंतुनाशक द्रावणात बुडवायला सांगतात. मात्र आधी चिखल आणि विष्ठा घासून काढावी. मळावर जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. एका जागेची माती शेजारच्या बेटावर नेणे हेही घुसखोरीस वाट देणेच आहे. पक्ष्यांचा घातक इन्फ्लुएन्झा २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर आढळल्यापासून, प्राण्यांचा वावर असलेल्या जागी बसू नये, गुडघे टेकू नयेत आणि पिशवीही खाली ठेवू नये, असा नियम आहे. खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेऊ नयेत.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या मोहिमेतून अंटार्क्टिकातील मैत्री किंवा भारती या भारतीय तळांवर जाणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी असते, कारण त्यांच्यासोबत पेट्या, यंत्रे आणि भाजीपालाही जातो. परके प्राणी, वनस्पती वा सूक्ष्मजीव परवान्याविना तेथे नेण्यास २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने बंदी आहे. पेट्या मोकळ्या मातीवर न ठेवता स्वच्छ फरशीवर भराव्यात, यंत्रांची चाके व पट्टे धुवावेत, आणि पालेभाजीच्या मुळांना चिकटलेली माती व पानांतले किडे तळावर पोहोचण्यापूर्वीच शोधावेत.

एवढे करूनही एखादे अनोळखी रोप किंवा किडा दिसला, तर तो स्वतः उपटू वा उचलू नये. बी सांडण्याची भीती असते. छायाचित्र घ्यावे, नेमकी जागा टिपावी आणि मार्गदर्शकाला किंवा तळप्रमुखाला लगेच कळवावे.