जुन्या कॅम्परचं अ‍ॅव्हरेज घटलंय? या चुका टाळा

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करणारे आता आपल्याकडे बरेच भेटतात, आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: सीट होत्या तेव्हा गाडी बरं अ‍ॅव्हरेज द्यायची, आता देत नाही. मग डिझेलमध्ये ओतायची बाटली येते, कुणीतरी इंजिनाचा डिझेल पंप सेट करून देतो, पैसे जातात आणि आकडा तिथेच राहतो. ही इंजिनं चिवट आहेत. जुन्या गाड्यांतलं इंजिन तर मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. त्यांची हेळसांड होते ती डिझेल कुठे जातंय हे न शोधताच उपाय सुरू केल्यामुळे.

मोजमापच चुकलेलं असतं

दोन हजारांचं डिझेल टाकलं आणि काटा अमुक इतका उतरला, यावरून अ‍ॅव्हरेज कळत नाही. टाकी ऑटो-कट होईपर्यंत, म्हणजे भरायची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, किमान तीन-चारशे किलोमीटर चालवा, मग शक्यतो त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. टायर मूळ मापाचे नसतील तर मीटरचे किलोमीटरही खरे नसतात. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी एकदा पडताळून घ्या.

आणि फक्त चढाच्या प्रवासावरून निष्कर्ष काढू नका. मुंबई समुद्रसपाटीला, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. चार टनांची गाडी नुसती तेवढी वर उचलायला चार लिटरांहून जास्त डिझेल लागतं. रस्ता कितीही चांगला असला तरी ते वाचत नाही. हिशेब जाऊन-येऊन धरा.

पंप वाढवून घेणं

घाटात गाडी ओढत नाही म्हटलं की यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत पंप वाढवून, म्हणजे इंजिनाला जाणारं डिझेल वाढवून, देणारे भेटतात. गाडी थोडी हलकी वाटते, पण मागे काळा धूर सुरू होतो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे आपलेच पैसे. ओढ कमी असेल तर आधी एअर फिल्टर उघडून बघा, डिझेल फिल्टर बदला, टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप कुठे चिरलेत का ते तपासा. त्यानंतर इंजिनात डिझेल फवारणारे नोझल चांगल्या पंप-नोझलवाल्याकडून टेस्ट करून घ्या. पंपाला हात सगळ्यात शेवटी.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती मेकॅनिक चांगल्या हेतूने करतो आणि मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकला जातो. मग पाणी कायम रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइल जाड राहतं, ज्वलन अर्धवट होतं आणि डिझेल जास्त जातं. इंजिनाची झीज होते ती वेगळीच. ओळखायचं असं: तापमानाचा काटा काही किलोमीटरांत मधोमध येऊन स्थिर राहायला हवा. हिवाळ्यात तो खालीच रेंगाळत असेल किंवा घाट उतरताना झपकन खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. नवा भाग स्वस्त असतो. गाडी गरम व्हायचं मूळ कारण बहुतेकदा चोंदलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा असतं. ते दुरुस्त करा.

चिकटणारे ब्रेक

कॅम्पर महिनोन् महिने उभा असतो, त्यात कोकणातली किंवा मुंबईची दमट हवा. हँडब्रेकची केबल गंजते, मागच्या ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला घासत राहतात. फार ब्रेक न मारता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक किंवा बेअरिंग, दोन्हींपैकी काहीतरी बिघडलंय. गाडी लांबच्या मुक्कामाला उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागा, गिअर आणि चाकांना अडण.

वजन, टायर आणि छत

आठ बाय चारचं १९ मिमी प्लायवूड साधारण ३५ किलो भरतं, १२ मिमीचं २२ किलो. घरातल्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते मुक्कामाच्या जवळ भरता येतं. सामानासकट गाडी वजनकाट्यावर न्या, आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. आरसीवरच्या कमाल वजनाच्या आत आहात का ते बघा आणि हवा त्या वजनाप्रमाणे, टायर थंड असताना भरा. टायरच्या बाजूवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा ही कमाल मर्यादा असते.

तरी सपाट हायवेवर वजनापेक्षा हवेचा अडथळा जास्त खातो. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. त्यात छतावर रिकामा कॅरियर, उंच बसवलेले सोलर पॅनेल, बाजूला ऑनिंग, म्हणजे गुंडाळता येणारं कापडी छप्पर. एक्सप्रेसवेवर ७०-८० ठेवा. पदरचा एक रुपया न घालता एवढी बचत दुसऱ्या कशातच होत नाही.

न्यूट्रलचा मोह

खंबाटकी असो वा कशेडी, उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाला डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला ते लागतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. हे कृपा करून करू नका.

रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच. किलोमीटर शून्य, डिझेल मात्र जातंच, आणि धूर आत आला तर जीवावर बेततं. पंखा, उघडी जाळीची खिडकी आणि थोडी उंचावरची मुक्कामाची जागा निवडा.