कॅराव्हॅनच्या रबरी छपराला नवा हात देताय? या चुका टाळा

जून उजाडला की ठाण्यातल्या कॅराव्हॅनवाल्या मित्रांचे फोन सुरू होतात. "दादा, गेल्या वर्षी कोपऱ्यात ओल आली होती. पाऊस लागायच्या आत छपराला वॉटरप्रूफ थराचा एक हात मारून घेऊ का?" माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. आता नको. आता फक्त सांधे बंद करा, नवा हात दिवाळीनंतर. समोरचा नाराज होतो हे कळतं मला. पण घाईघाईत मारलेला थर पावसाळा संपल्यावर गुडघ्यांवर बसून पात्याने खरवडून काढण्यात माझे दोन रविवार गेलेत, आणि तेवढं करूनही खालची चादर तीन ठिकाणी कापली गेली.

आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्पर व्हॅन पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या छपराच्या असतात, त्यांचं काम वेगळं. इथे मी बोलतोय ते प्लायवर चिकटवलेल्या रबरी चादरीच्या छपराबद्दल. बाहेरून आलेल्या जुन्या ट्रेलरवर ते असतं, आणि त्याच पद्धतीने इथे बांधून घेतलेल्या गाड्यांवरही दिसतं. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, तेव्हापासून या गाड्यांबद्दल विचारणारे वाढलेत. छपराची माहिती मात्र अजून रंगाच्या दुकानातल्या सल्ल्यावरच चालते.

चादर कुठली, हे न बघता डबा आणणं

सगळ्या चादरी लांबून सारख्याच पांढऱ्या दिसतात. पण ईपीडीएम हे खरं रबर आहे, तर टीपीओ प्लास्टिकच्या जातीचं. पंख्याच्या किंवा व्हेंटच्या (हवा जायच्या झरोक्याच्या) कडेचं झाकण काढा आणि चादरीची कापलेली कड बघा. कॅराव्हॅनवरच्या ईपीडीएमला वर पांढरा थर आणि खाली काळं रबर असतं, बोटाने ताणलं की ते रबरासारखं ताणलं जातं. तिथलाच एखादा सुटा तुकडा मिळाला तर त्यावर हॉट एअर गन धरा. टीपीओ मऊ पडून वितळू लागतं, ईपीडीएम वितळत नाही. ही तपासणी छपरावर करू नका, तुकड्यावरच करा.

हे एवढ्यासाठी सांगतोय की टीपीओवर बरेचसे थर मुळात धरतच नाहीत, त्याला त्याचा वेगळा प्रायमर लागतो. ईपीडीएमवरही ॲक्रिलिक (पाण्यावर आधारलेला थर) मारायचं असेल तर खाली प्रायमर हवा. आणि आधीच्या मालकाने सिलिकॉनचा थर मारून ठेवला असेल, तर त्यावर सिलिकॉनशिवाय काहीही टिकणार नाही. त्याला विचारा. आठवत नसेल तर छोटा पट्टा मारून बघा.

तो पट्टा असा. छपराच्या कोपऱ्यात हातभर जागा स्वच्छ करा, प्रायमर लावा, त्यावर थर द्या. थर ओला असतानाच त्यात जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंदीची पट्टी दाबून बसवा, वरून आणखी थर द्या आणि पट्टीचं एक टोक मोकळं ठेवा. आठवडाभर वाळू द्या, मग टोक धरून जोरात ओढा. कापड फाटलं किंवा थर मधूनच तुटला तर पकड चांगली. सगळा थर चादरीपासून पापुद्र्यासारखा सुटून आला, तर डबा परत करा. आठवडा वाया गेला असं वाटतं खरं, पण याच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

डांबर, घासलेट आणि थिनर

गच्चीवर चालतं म्हणून डांबरपट्टी लावू नका. डांबरातलं तेल ईपीडीएममध्ये मुरतं, रबर फुगतं आणि लाटेसारखं उठतं. घासलेट, पेट्रोल, टर्पेंटाइन यांनीही तेच होतं. संत्र्याच्या वासाच्या क्लीनरांनीही रबर फुगतं, त्यामुळे डब्यावर फळाचं चित्र आहे म्हणून ते सौम्य असेल असं समजू नका. हाताला मदतीला घेतलेला पेंटर सवयीने म्हणतो, "साहेब, जरा थिनर घातलं की रोलर पळतो." त्याला आधीच सांगून ठेवा, डब्यात काही मिसळायचं नाही.

एकदाच धुऊन समाधान मानणं

जुनं ईपीडीएम खडूसारखं भुकटी सोडतं. पाऊस पडला की गाडीच्या कडेने पांढरे ओघळ उतरतात ते याचेच. ही भुकटी निघाली नाही तर नवा थर रबराला चिकटण्याऐवजी भुकटीला चिकटतो आणि तिच्यासकट सोलून येतो. त्यात घोडबंदर रोडची बांधकामाची धूळ, खाडीकडच्या वाऱ्यातला खारटपणा आणि झाडाखाली उभी असेल तर पक्ष्यांची घाण.

भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घ्या, आडवं घासा, मग उभं. काळं शेवाळ असेल तिथे पाण्यात पातळ केलेलं ब्लीच लावून थोडा वेळ थांबा, मग धुवा. ब्लीचमध्ये दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका. नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी, कारण उरलेला साबणही पकड मोडतो. वाळल्यावर काळं फडकं दाबून फिरवा. पांढरं आलं तर पुन्हा धुवा. माझ्या छपराला तीन धुण्या लागल्या. प्रेशर वॉशर सांध्यांवर रोखून धरू नका, चादरीखाली पाणी शिरतं आणि ते महिनाभर आत बसतं.

ओल झाकून टाकणं

सगळ्यात महाग चूक हीच. गळती दिसली म्हणून वरून थर मारला जातो आणि आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडलं जातं. नोव्हेंबरच्या उन्हात त्याची वाफ होते, चादर फुग्यासारखी उठते आणि खालचा प्लाय कुजत राहतो. वरून मात्र छप्पर नवंकोरं दिसतं.

म्हणून डबा उघडायच्या आधी अनवाणी, एका फळीवर वजन टाकत, सगळं छप्पर तळहाताने दाबत जा. व्हेंटभोवती, एसीभोवती, पुढच्या आणि मागच्या कडेला जास्त वेळ द्या. ओल्या बिस्किटासारखं दबलं तर तिथे खाली प्लाय गेलेला आहे. लाकडाचा मॉइश्चर मीटर असेल तर आतून छताला लावून बघा, संशयाच्या जागेचा आकडा गाडीतल्या सुक्या जागेच्या आकड्याशी ताडून बघा. मऊ जागा सापडली की चादर उघडा, प्लाय बदला, दोन-तीन कोरडे आठवडे जाऊ द्या. चादरच सुटून फडफडत असेल किंवा आकसून कडेच्या पट्ट्यांतून बाहेर येत असेल, तर थराचा विचार सोडा, चादर बदलायची वेळ झाली आहे.

एक गोष्ट लोक हमखास चुकतात. पाणी आत जिथे टपकतं तिथेच छप्पर फुटलेलं असतं असं नाही. पाणी प्लायवरून, थर्माकोलच्या थरातून हातभर, कधी त्याहूनही लांब सरकतं. शोधायचं असेल तर एकाने आत बसावं, दुसऱ्याने पाइप घेऊन खालच्या कडेपासून सुरुवात करावी. एकेका भागावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडून मगच वर सरकावं. आणि कोरड्या दिवशी एसी चालू असतानाच टपकत असेल, तर आधी एसीची पाणी जायची वाट तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत एसी लिटरच्या लिटर पाणी काढतो. ती वाट पानाने किंवा चिखलाने बंद झाली की पाणी आत उतरतं. या एका कारणापायी बिनगळतीच्या छपरावर डबे संपवलेले मी पाहिलेत.

सांधे तसेच ठेवून मैदान रंगवणं

छप्पर मधोमध क्वचितच फुटतं. गळतं ते व्हेंट, अँटेना, शिडीचे नट आणि कडेच्या पट्ट्या इथे. जुनं तडकलेलं सीलंट प्लास्टिकच्या पात्याने काढा, गंजलेले स्क्रू बदला, पट्टीखाली नवा ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला. आडव्या जागेवर स्वतःहून पसरणारं लॅप सीलंट चालतं, उभ्या जागेवर ते ओघळतं, तिथे न ओघळणारं घ्या. सांध्यावर थर देताना त्यात पॉलिस्टरची जाळी बसवा. गाडी रस्त्यावर पिळवटते, आणि जाळी नसलेला थर सांध्यावरच पहिल्यांदा चिरतो.

एका डब्यात भागवणं

थर मोजण्याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की ओल्या थराची जाडी एक मिलिमीटर होते. डब्यावर घन भाग आकारमानाने ५० टक्के लिहिला असेल तर वाळून अर्धा मिलिमीटर उरतो. समजा छप्पर ६ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद आहे, म्हणजे १३.२ चौरस मीटर. वाळून अर्धा मिलिमीटर हवा असेल तर १३.२ लिटर लागणार, रोलर आणि बादलीत राहणारं धरून १५ लिटर. दुकानदार दहा लिटरमध्ये भागेल म्हणाला तर तो पातळ थराबद्दल बोलतोय. ॲक्रिलिक असेल तर हे दोन हातांत द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. एकाच हातात जाड ओतलं तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं.

पाणी साचून राहतं तिथे ॲक्रिलिक मऊ पडतं. तुमच्या छपराला खळगा असेल तर सिलिकॉन जातीचा थर विचारात घ्या. पुढच्या प्रत्येक वेळी सिलिकॉनच वापरावं लागेल हे लक्षात ठेवून.

कॅलेंडर न बघणं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबर उजाडला तरी संध्याकाळचे गडगडाट सुरू असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी छपराला हात लावता येत नाही. तापलेल्या चादरीवर थर क्षणात साय धरतो, खालची हवा त्यातून फुटून येते आणि सुईएवढी भोकं पडतात. माझ्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हाही सकाळी दव असतं, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी असेल तर दहा वाजेपर्यंतही छप्पर ओलं लागतं. चादरीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंश जास्त हवं. दव सुकल्यावर सुरुवात करा आणि दुपारी तीनच्या पुढे नवा हात देऊ नका, संध्याकाळचं दव ओल्या ॲक्रिलिकवर पडलं की डाग आणि मऊपणा राहतो.

थर बिघडलाच तर

बारीक भोकं असतील तर हलकं घासून, पुसून पुन्हा एक हात द्या. मोठा फुगा आला तर त्यावर रंग ओतू नका. कापा, आत ओल आहे का बघा, वाळवा, जाळी घालून बुजवा. आठवड्यानेही थर बोटाला चिकटत असेल तर आधी उन्हाचे चार कोरडे दिवस द्या, बहुतेक वेळा तो वाळतो. पापुद्रे निघत असतील तर सुटलेलं सगळं काढावंच लागतं. त्यावर मारलेला नवा थर जुन्याच्या पकडीवर जगतो, आणि ती पकड गेलेली असते.

ताडपत्री घट्ट बांधून गाडी पावसाळाभर ठेवू नका. खाली हवा खेळत नाही आणि वाऱ्याने ताडपत्री कडा घासत राहते. ठेवायचीच तर खाली चौकट करून वर उचलून बांधा.

काम झालं की आतल्या कपाटाच्या दाराला एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, चादर कुठली, प्रायमर आणि थर कुठला, किती लिटर लागले. सांधे कुठे उघडले तेही लिहा. मी लिहिलेली चिठ्ठी पाच वर्षांनी दुसऱ्या मालकाच्या उपयोगी पडली, त्याने पट्टा न मारताच बरोबर डबा आणला.