त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशातून नाडी मोजताना या चुका टाळा

बोटाला परतणारा प्रकाश मोजणारा सेन्सर लावला, हिरवा एलईडी पेटला, आणि पडद्यावर लाटेऐवजी नुसती सरळ रेघ. मग आपण लगेच कोड उघडतो. मीही तेच केलं. दोन संध्याकाळी सिग्नल गाळणारे फिल्टर बदलत बसलो आणि शेवटी लक्षात आलं की रबरबँडच फार घट्ट होता. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तिथे रक्तच येत नसेल तर सेन्सर बिचारा काय मोजणार?

दाब ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित चूक. परतणाऱ्या प्रकाशातला बहुतेक भाग स्थिर असतो. ठोक्यागणिक हलणारा हिस्सा साधारण एक-दोन टक्के, मनगटावर त्याहूनही कमी. सेन्सर सैल असेल तर तेवढा हिस्सा हालचालीत आणि बाहेरच्या उजेडात बुडतो, घट्ट असेल तर दबून जातो. कच्चा सिग्नल बघत हळूहळू दाब वाढवा. लाट आधी मोठी होते, मग बारीक होत जाते. मोठी असताना थांबा. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा, कारण थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात.

लाट उलटी दिसली तर घाबरू नका. रक्त वाढलं की प्रकाश जास्त शोषला जातो, म्हणून सेन्सरचा आकडा खाली जातो. चिन्ह बदललं की झालं.

दिव्यांचा घोटाळा जरा फसवा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तुम्ही सेकंदाला २५ नमुने घेत असाल आणि घड्याळ किंचित चुकत असेल, तर त्याच लुकलुकीची एक संथ लाट तयार होते, हुबेहूब नाडीसारखी! खात्री करायला सेन्सर उघड्यावर पांढऱ्या कागदासमोर धरा. कागदाचीही नाडी लागली तर चोर सापडला. एलईडी बंद ठेवून एक वाचन घ्या, ते एलईडी पेटलेला असतानाच्या वाचनातून वजा करा आणि सेन्सर झाका.

ठोक्यांचा आकडा अचानक दुप्पट झाला, की मुख्य लाटेमागची छोटी दुय्यम लाटही ठोका म्हणून मोजली जात असण्याची शक्यता जास्त. एका ठोक्यानंतर ०.३ सेकंद दुसरा धरू नका. मिनिटाला २०० ठोक्यांपर्यंत ही अट चालते. चालताना मात्र आकडा पावलांच्या तालाला चिकटतो; तिथे नुसता फिल्टर पुरत नाही, अॅक्सेलेरोमीटरची (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची) जोड लागते.

आणि कृपा करून या लाटेवरून 'इतके मिलिलिटर रक्त' असं सांगू नका. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅलरिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात बोटांवर प्रकाशाने ही मोजणी केली, तेव्हापासूनचा हा पेच: मिळतो तो सापेक्ष बदल. त्वचेतलं मेलानिन हे रंगद्रव्य हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून दोन माणसांच्या लाटांची उंची थेट तोलू नये. हलणाऱ्या भागाला स्थिर भागाने भागा आणि तो आकडा त्याच माणसाच्या, त्याच जागेवरच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा. ठोक्यांची शंका आली तर दुसऱ्या हाताची नाडी बोटांनी पूर्ण मिनिटभर मोजा.