शुद्ध ग्रेहाउंड आणि रानातलं काम : या चुका टाळा

‘प्युअर ग्रेहाउंड मिळतोय, रानात कामाला चालेल का?’ असं विचारणाऱ्याचा सौदा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. त्याला फक्त ‘हो’ ऐकायचं असतं. माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं, आणि ते त्या कुत्र्याच्या काळजीपोटी असतं. ग्रेहाउंड फार गुणी जनावर आहे, पण आपल्याकडे त्याच्याकडून जे मागितलं जातं ते त्याच्या अंगात नाही. सोलापूर, लातूरकडे पिढ्यान्‌पिढ्या कारवानी, म्हणजे आपलं सडपातळ देशी शिकारी कुत्रं, पाळणाऱ्या घरांना हे सांगावं लागत नाही. मोबाइलवर शर्यतीचे व्हिडिओ बघून पिल्लाचे पैसे पाठवणाऱ्या पोरांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आधी कायद्याचं बोलू, कारण इथेच बरेच जण फसतात. ‘ससा मारला कुठे, नुसता पळवला’ ही सबब चालत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारण्याबरोबर पाठलाग करणं, हुसकावणं, सापळा लावणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणंही येतं. ससा असो, काळवीट असो की चिंकारा, त्याच्यामागे कुत्रं सोडलं की गुन्हा झाला. त्यामुळे आपल्याकडे अशा कुत्र्याचं काम म्हणजे मोकळ्या माळावरची दौड आणि वस्तीवरची सोबत, एवढंच. ज्याला याहून जास्त हवं असेल त्याला माझ्याकडून कुठलाही सल्ला मिळणार नाही.

आता मुख्य गैरसमज. वेग आहे म्हणजे शिकारी कुत्रं झालं, असं लोक धरून चालतात. ग्रेहाउंड ताशी 65 ते 70 किलोमीटरने पळतो हे खरं, पण तो वेग क्षणाचा आहे. इंग्लंडच्या ट्रॅकवरची नेहमीची शर्यत 480 मीटरची असते आणि अर्ध्या मिनिटात संपते. त्याच्या शिकारी परंपरेचा दाखला देणारेही ती परंपरा नीट बघत नाहीत. लिव्हरपूलजवळच्या ऑल्टकारच्या सपाट रानात 1836 पासून 2005 पर्यंत वॉटर्लू कप, म्हणजे सशामागे ग्रेहाउंड सोडण्याची स्पर्धा, व्हायची. तिथे ससा कुत्र्याला शोधावा लागत नसे, हाकारे तो पुढ्यात आणत. एक माणूस दोन कुत्री धरून उभा असे, सशाला पुढे निघू देई आणि मग दोघांना एकदम सोडी. ससा कोणी किती वेळा वळवला यावर घोड्यावर बसलेला पंच गुण देई. जरा वेळाचा खेळ, की लगेच कुत्रं मालकाच्या हातात, अंगावर झूल. इतकी सगळी माणसं भोवती असताना त्या कुत्र्याचं काम निभत होतं.

दिवसभर रानात फिरायचं, वास काढायचा, हाक मारली की परत यायचं, काट्याकुट्यातून धड बाहेर पडायचं, ही कामं त्याला कधी दिलीच नव्हती. ज्यांना ती हवी होती त्यांनी शुद्ध ग्रेहाउंडवर भरवसा ठेवला नाही. इंग्लंडच्या गावकऱ्यांनी त्यात मेंढपाळी कॉली किंवा टेरियर मिसळून लर्चर तयार केला. आपल्याकडे रामपूरच्या नवाबांनी अफगाणी ताझी कुत्र्याशी त्याचा संकर करून रामपूर हाउंड केला असं सांगतात. त्यातच 1926 मध्ये मँचेस्टरला विजेवर पळणाऱ्या नकली सशाचा ट्रॅक सुरू झाला आणि पुढे ट्रॅकसाठी पैदास केलेल्या कुत्र्यांचे वंश वेगळे पडत गेले. त्या वंशातलं कुत्रं वळणदार, सारख्या केलेल्या वाळूवर पळायला निवडलेलं असतं. ते तुम्ही तुरीच्या धसकटांत सोडता.

धसकटांचा उल्लेख मुद्दाम केला. ग्रेहाउंडची कातडी पातळ, केस तोकडे. तूर काढल्यावर उभी राहिलेली टोकं त्या वेगात छातीत शिरतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यात पाय गेला की घोट्याचं हाड मोडतं. मी कुठल्याही रानात कुत्रं सोडण्याआधी ते रान स्वतः पायी फिरून बघतो. तार, भेग किंवा सराटा दिसला तर कुत्रं पट्ट्यावरच राहतं.

आणि रानडुकरं हाकलायला ग्रेहाउंड आणू नका. डुकराच्या सुळ्यापुढे ती कातडी क्षणभर टिकत नाही.

ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती पुढची: आठवडाभर साखळीला बांधायचं आणि एके दिवशी एकदम पळवायचं. आमच्या शेजारच्या गावात एका तरुणाने बाहेरून ग्रेहाउंड आणला होता. पिवळसर, लांब पाठीचा, फार देखणा नर. पोरगा कामाला शहरात, कुत्रं घराच्या मागच्या पत्र्याखाली. चैत्रात सुट्टीला आला तेव्हा मित्रांना दाखवायला म्हणून भर दुपारी ज्वारी काढलेल्या रानात मोटारसायकलमागे त्याला पळवलं. पहिल्या फेरीला सगळे खूश. दुसऱ्या फेरीत कुत्रं मागे पडलं, तेव्हा ‘आळशी आहे’ म्हणून हाका मारून मारून आणखी पळवलं.

मला बोलावलं तेव्हा ते बांधावर आडवं पडलं होतं. जीभ गडद लाल, डोळे ताठ. कंबरेजवळच्या स्नायूंवर हात ठेवला तर ते आखडून कडक झालेले, बोट दाबलं जाईना. पोरांनी जाड टॉवेल ओला करून अंगावर गुंडाळला होता, त्याने उष्णता आतच कोंडली जात होती. टॉवेल काढला, विहिरीचं पाणी पोटावर, जांघेत, मानेवर ओतत राहिलो, एकाला पाटीने वारा घालायला लावलं आणि अंग निवल्यावरच गाडीत घातलं. कुत्रं शुद्धीवर आलं. शेपटीही हलवली. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लघवी केली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. न सरावलेले स्नायू अति श्रमाने फुटतात, त्यातलं लाल द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. डॉक्टरांनी सलाईनवर ठेवलं, पण ते वाचलं नाही. घोड्यांच्या आणि ग्रेहाउंडच्या माणसांना हा आजार चांगला माहीत आहे. पळाल्यानंतर पाठ आखडली, चाल ताठ झाली किंवा लघवी गडद दिसली, तर सकाळची वाट बघायची नसते, त्याच घटकेला डॉक्टर गाठायचा.

माझी पद्धत संथ आहे आणि ती कुणाला आवडत नाही. कुत्रं नवीन असेल तर पहिले काही आठवडे फक्त चालणं, पट्ट्यावर, डांबरी आणि मुरमाड रस्त्यावर. पंजाच्या गाद्या त्यानेच घट्ट होतात. मग मोकळ्या जागी एक छोटी दौड, तीही सूर्य वर यायच्या आत. दौड झाली की लगेच बसू द्यायचं नाही, धाप उतरेपर्यंत हळूहळू चालवायचं, पाणी थोडं थोडं. जमिनीला तळहात लावून धरवत नसेल त्या दिवशी दौड नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लाला तर जोराची दौड देऊच नये, हाडांची वाढ पुरी झालेली नसते. ‘एवढं कोण थांबणार?’ असं ज्याला वाटतं त्याने हे कुत्रं घेऊ नये, हे मी तोंडावर सांगतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. भरल्या पोटी पळवू नका, पोट फुगून पीळ पडतो. साधा पट्टा वापरू नका, डोकं मानेपेक्षा बारीक असल्याने तो सटकतो, रुंद आणि ओढल्यावर आवळणारा घ्या. शेळ्या-कोंबड्यांजवळ मोकळा सोडू नका. राखणीची अपेक्षा ठेवू नका, बरेच ग्रेहाउंड परक्यावर भुंकतही नाहीत. थंडीत गोधडी आणि मऊ अंथरूण द्या, नाहीतर कोपरं सोलपटतात.

कारवानी मादीवर ग्रेहाउंड लावून शर्यतीची पिल्लं काढणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. पहिल्या पिढीत वेग दिसतो म्हणून भाव येतो, आणि त्या नादात ऊन सोसणारं, थोडक्या भाकरीवर राहणारं, संध्याकाळी आपणहून वस्तीवर परतणारं आपलं जनावर विरळ होत चाललं आहे. संकर विकत असाल तर निदान तसं सांगून विका. गिऱ्हाइकाला ‘शुद्ध कारवानी’ म्हणून देणं ही फसवणूक आहे.

शेवटची चूक दवाखान्यातली, आणि ती जिवावर बेतू शकते. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. इतरांत रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, साधारण 37 ते 55 असतं, यांच्यात 50 ते 65. त्यामुळे 40 आकडा बघून ‘नॉर्मल’ म्हटलं जातं, तेव्हा ग्रेहाउंडमध्ये ते रक्त कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. प्लेटलेट मात्र मुळातच कमी असतात, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून गोचीडताप ठरवू नये, रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावी. थायरॉइडचा आकडाही यांच्यात कमीच येतो. आणि भूल देताना थायोपेंटोन नको, हे आधी सांगा. यांचं शरीर ते फार हळू बाहेर टाकतं, कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. मी हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून लसीकरणाच्या पुस्तिकेत ठेवतो, घरातलं कुणीही कुत्रं घेऊन गेलं तरी डॉक्टरांच्या हातात पहिला तोच कागद जातो.